ग्रामसभा, ग्रामस्थ आणि शाळा

आपल्या प्राथमिक शाळांतून नागरिकशास्त्र शिकविताना ग्रामपंचायतीचा पाठ साधारणतः दोन तासिकांत आटोपतो. सरपंच, उपसरपंच, सदस्य, सचिव, त्यांची कामे, पुढे घरपट्टी, दिवाबत्ती व पाणीपुरवठा असा क्रम लागतो आणि शेवटी ग्रामसभेविषयी दोनचार वाक्ये येतात. मुले ती पाठ करतात आणि ‘ग्रामसभा म्हणजे काय?’ या प्रश्नास ‘गावातील मतदारांची सभा’ असे उत्तर लिहून गुण मिळवितात. उत्तर बरोबरच आहे. तथापि त्यातील ‘मतदारांची’ या शब्दाचा अर्थ मुलांस तर राहोच, पण गावातील पुष्कळशा वडीलधाऱ्या मंडळींसही नीटसा उमगलेला नाही, असे शाळातपासणीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना वारंवार आढळून येते. ग्रामसभा ही पंचायतीने बोलाविलेली एक मोठी बैठक. तेथे जाऊन सही करावयाची, वाचून दाखवितील ते ऐकावयाचे आणि घरी यावयाचे, असा समज सर्वत्र रूढ आहे.

वस्तुतः नाते उलट आहे. ग्रामपंचायत पाच वर्षांसाठी निवडून येते, तिची मुदत संपते, प्रसंगी ती बरखास्तही होते. ग्रामसभेचे तसे नाही. ती कोणी निवडून देत नाही आणि कोणास ती बरखास्त करता येत नाही. गावाच्या मतदारयादीत ज्याचे वा जिचे नाव आहे ती प्रत्येक व्यक्ती आपोआप तिची सभासद असते. विधानसभेत आपण प्रतिनिधी पाठवितो. ग्रामसभेत आपण स्वतः जातो. प्रतिनिधीमार्फत नव्हे तर स्वमुखाने बोलण्याचा अधिकार सामान्य माणसास आपल्या राज्यव्यवस्थेत नियमितपणे असा एवढ्या एकाच ठिकाणी आहे.

या अधिकाराचा इतिहास थोडक्यात असा. संविधानाच्या ४०व्या अनुच्छेदात ग्रामपंचायती संघटित करण्याचे मार्गदर्शक तत्त्व घातले गेले. मुंबई राज्यात १९५८चा ग्रामपंचायत अधिनियम झाला. तोच पुढे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जाऊ लागला. बळवंतराय मेहता समितीचा अहवाल १९५७चा. त्यानंतर आपल्या राज्यात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१चा अधिनियम आला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आपण सर्व प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचे सेवक झालो ते त्यामुळे. संविधानाची ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने ग्रामसभेस संविधानात स्थान दिले आणि पंचायतींकडे सोपविता येतील अशा २९ विषयांची अनुसूची जोडली. त्या २९ विषयांत प्राथमिक व माध्यमिक शिक्षण हा विषय आहे, ही गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी.

आता प्रत्यक्ष कार्यपद्धतीकडे वळू. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सर्वसाधारण सभेची सूचना सात दिवस आधी द्यावयाची असते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद हजर असावे लागतात. येथे वरच्या वर्गातील मुलांस एक उत्तम उदाहरण देता येईल. चारशे मतदारांच्या गावी गणपूर्ती किती? साठ. बाराशेच्या गावी? पंधरा टक्के म्हणजे १८०, सबब १०० पुरेत. मग दोन हजारांच्या गावी शंभर म्हणजे शेकडा किती? पाच. म्हणजे गाव जितके मोठे तितका निर्णय करणाऱ्यांचा वाटा लहान, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेस पुन्हा गणपूर्तीची अट नसते, हे सांगितले की एखादा चुणचुणीत मुलगा “मग पहिल्या सभेस कोणी न आलेलेच काहींना बरे पडत असेल!” असे म्हणाल्यावाचून राहत नाही. त्या मुलास गप्प बसवू नये.

लोक ग्रामसभेस का येत नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा ‘लोक अज्ञानी आहेत’ किंवा ‘लोकांस आस्था नाही’ असे दिले जाते. हे उत्तर सोपे आहे आणि बव्हंशी चुकीचे आहे. सभेची वेळ सकाळी अकराची असली तर मजुरीवर जाणाऱ्या माणसास त्या दिवसाची मजुरी बुडवून यावे लागते. सभेची जागा गावठाणात असली तर दोन कोसांवरील वाडीतील बाई लहान मूल काखेत घेऊन येईलच असे नाही. आली तरी ती मागे, दाराशी किंवा भिंतीच्या आडोशाला उभी राहते. शिवाय कामांची यादी आधीच तयार होऊन आलेली असते. सभेत ती वाचली जाते, ‘मंजूर’ असा आवाज उठतो, आणि ज्यांस काही बोलावयाचे होते ते तोंड उघडण्यापूर्वीच पुढील विषय निघतो. कित्येक ठिकाणी तर सह्यांचे पुस्तक सभेनंतर घरोघर फिरते. एकदोनदा असा अनुभव आल्यावर शहाण्या माणसाने घरीच राहणे पसंत केले, तर त्यास अनास्था म्हणता येणार नाही.

यावर उपाय म्हणून राज्याच्या कायद्यात २००३च्या दुरुस्तीनंतर एक चांगली तरतूद आली ती महिला सभेची. नियमित ग्रामसभेपूर्वी गावातील स्त्रियांची स्वतंत्र सभा व्हावी आणि तेथील म्हणणे ग्रामसभेपुढे यावे, असा तिचा हेतू आहे. अनेक गावी ती केवळ कागदावर होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु जेथे ती मनापासून झाली तेथे काय घडते, याचे एक उदाहरण देण्याजोगे आहे.

डोंगराळ भागातील एका गावी मुख्य गाव ओढ्याच्या अलीकडे आणि एक वाडी पलीकडे. वाडीतील मुले ओढा ओलांडून शाळेस येत. त्या वर्षी पंचायतीच्या आराखड्यात गावाच्या वेशीवर कमान, देवळापुढे सभामंडप आणि मुख्य रस्त्यालगत फरशा बसविणे अशी कामे होती. महिला सभेत वाडीतील स्त्रियांनी साकवाची मागणी केली. ग्रामसभेत ती वाचली गेली तेव्हा “ओढ्याला पाणी असतेच किती दिवस?” असा प्रश्न विचारला गेला, तो विचारणारे गृहस्थ वाईट नव्हते, त्यांस खरोखरच ठाऊक नव्हते. त्या वेळी शाळेच्या बाईंनी अध्यक्षांच्या अनुमतीने मागील दोन पावसाळ्यांचे हजेरीपत्रक उघडले आणि वाडीतील मुले एकाच वेळी, सगळीच्या सगळी, ज्या ज्या तारखांस गैरहजर होती त्या तारखा वाचून दाखविल्या. त्यांनी मागणी केली नाही, कोणास दोष दिला नाही, केवळ तारखा वाचल्या. आषाढ-श्रावणातील त्या तारखा संपता संपेनात. सभेत जी शांतता पसरली ती पुरेशी बोलकी होती. कमानीचे काम पुढे ढकलून साकव प्रथम घ्यावा, असा ठराव झाला.

ही हकीकत येथेच थांबविली तर ती फार गोड होईल. ठराव झाला तरी तांत्रिक मंजुरी, अंदाजपत्रक आणि निधी यांत वर्ष गेले. साकव दुसऱ्या पावसाळ्यानंतर उभा राहिला. मधल्या पावसाळ्यात पाचवीतील एका मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. कमानही पुढे झाली. तरीसुद्धा त्या गावी पुढील ग्रामसभांस वाडीतील माणसे येऊ लागली, कारण आपण बोललो तर काही हलते, हे त्यांनी एकदा पाहिले होते.

सामान्य माणसांनी गावचा कारभार चालविण्याची कल्पना परकी आहे किंवा नवी आहे, असे मानण्याचे कारण नाही. तामिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर येथील देवळाच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या ९२०च्या सुमाराचे शिलालेख आहेत. गावाचे तीस विभाग पाडावेत, प्रत्येक विभागातील पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घड्यात टाकावीत आणि एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढवून समितीचे सभासद ठरवावेत, अशी पद्धत तेथे नोंदलेली आहे. तळ्यांची समिती निराळी, बागांची निराळी. ज्याने पूर्वी समितीवर असताना हिशेब दिला नाही तो आणि त्याचे आप्त यांस पुढे अपात्र ठरविले होते. वर्गात ही गोष्ट सांगितली असता मुले रंगून जातात. घडा आणि चिठ्ठ्या आणून मानीटर निवडण्याचा प्रयोगही करता येतो. मात्र तिचे गोडवे गाताना पुढचेही सांगावे. ती सभा ब्राह्मणांच्या वसाहतीची होती. उमेदवारास जमीन, घर, वेदविद्या आणि ३५ ते ७० वर्षांचे वय लागे. स्त्रियांस व जमिनीवर राबणाऱ्यांस त्या घड्यात स्थान नव्हते. आजच्या मतदारयादीत त्यांस स्थान आहे. हा फरक लहान नव्हे.

चिठ्ठीची ही पद्धत अलीकडे युरोपात पुन्हा दिसू लागली आहे. आयर्लंड देशात २०१६ मध्ये ९९ सामान्य नागरिक, देशाच्या लोकसंख्येचे प्रतिबिंब पडेल अशा रीतीने, यादृच्छिक निवडीने एकत्र आणले गेले. त्यांच्या अध्यक्षपदी न्यायमूर्ती मेरी लॅफॉय होत्या. तज्ज्ञांचे म्हणणे ऐकावयाचे, लहान लहान गटांत बसून चर्चा करावयाची आणि मग शिफारस करावयाची, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या एका शिफारशीवरून मे २०१८ मध्ये सार्वमत घेण्यात आले. २०२२ मध्ये डब्लिन शहराच्या स्थानिक कारभाराविषयीही अशीच एक नागरिकसभा भरविण्यात आली. तिच्यात बहुसंख्य सामान्य रहिवासी आणि त्यांच्यासोबत काही नगरसेवक होते. त्यांच्याकडून जी गोष्ट उचलावी असे मला वाटते ती चिठ्ठी नव्हे. आपल्या गावी चिठ्ठीची गरज नाही, कारण आपल्याकडे सर्वांनाच आमंत्रण आहे. उचलण्याजोगी गोष्ट म्हणजे निर्णयापूर्वी माहिती आणि भाषणाऐवजी लहान गट.

केरळ राज्याने हे आपल्या आधी ओळखले. १९९६ साली तेथे लोकयोजना मोहीम सुरू झाली. राज्याच्या नियोजन निधीपैकी सुमारे ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरले. ग्रामसभेत आरंभी थोडा वेळ सर्वजण एकत्र बसत, आणि नंतर शेती, शिक्षण, आरोग्य, पाणी अशा विषयवार गटांत विभागत. पाचशे माणसांपुढे उभे राहून बोलणे ज्या बाईस जन्मात जमणार नाही, ती पंधरा माणसांच्या गटात आपली अडचण सहज सांगते. हे आपणा शिक्षकांस कोणी शिकवावयास नको. वर्गातील लाजरे मूल फळ्यापाशी बोलत नाही, पण गटात बोलते, हा आपला रोजचाच अनुभव आहे.

महाराष्ट्रातील दोन गावांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे लहानसे गाव. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीस जातो. सर्वसहमतीस वेळ लागतो हे खरे; परंतु तेथे अभ्यासगटाची जोड आहे. ग्रामसभेत विषय येण्यापूर्वी गावातील मंडळी बसून तो समजून घेतात, हवे तर बाहेरच्या जाणकारास बोलावितात. अभ्यासगट निर्णय करीत नाही आणि ग्रामसभा अभ्यासावाचून निर्णय करीत नाही. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावास सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. साक्षरतेचे प्रमाण पाहून गावाच्या निर्णयशक्तीचे माप काढणाऱ्यांनी या गावाचा विचार अवश्य करावा.

दुसरे गाव अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार. तेथे पावसाची नोंद घेऊन, विहिरींतील पाणी मोजून, गावात किती पाणी आहे याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून कोणती पिके घ्यावीत हे ठरते. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास गावाने स्वतः बंदी घातली. सरकारी अधिकाऱ्याने अशी बंदी घातली असती तर ती किती दिवस टिकली असती, याचा अंदाज कोणालाही करता येईल. येथेही मर्म तेच आहे. आकडे सर्वांसमोर आले, सर्वांस समजले, आणि मग निर्णय झाला.

अनुसूचित क्षेत्रांतील शिक्षकांसाठी एक विशेष सूचना. १९९६चा पेसा कायदा आणि त्याखालील २०१४चे राज्याचे नियम यांमुळे पाडा किंवा वस्ती यांसही स्वतःची ग्रामसभा असू शकते. आपली शाळा ज्या पाड्यावर आहे त्याची ग्रामसभा कोणती, हे पंचायतीत विचारून नक्की करून घ्यावे. अंदाजाने चालू नये.

आता आपल्या स्वतःच्या स्थानाविषयी. हा भाग थोडा नाजूक आहे, परंतु टाळण्यासारखा नाही. २००३च्या दुरुस्तीने गावात काम करणाऱ्या शासकीय व निमशासकीय कर्मचाऱ्यांवर ग्रामसभेस शिस्तविषयक नियंत्रण दिले. हजेरी, कामाचे वार्षिक मूल्यमापन आणि अनियमितता आढळल्यास ती गटविकास अधिकाऱ्यांस कळविणे, या गोष्टी त्यात येतात. पुष्कळ शिक्षकांस ही तरतूद अपमानकारक वाटते. मुख्यालयी राहण्याच्या ठरावावरून कित्येक गावी कटुता आलेली आहे आणि कोठे कोठे एखाद्या शिक्षकावर गटातटाच्या राजकारणातून अन्यायही झालेला आहे; हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही या कारणास्तव ग्रामसभेपासून दूर राहणे शहाणपणाचे नाही. शिक्षक सभेस कधी दिसत नसेल, तर त्याच्याविषयी जो कोणी बोलेल त्याचेच म्हणणे गावास खरे वाटते. उलट जो शिक्षक वर्षातून चारही वेळा येऊन, शाळेची पटसंख्या, उपस्थिती, मुलांचे वाचन कोठवर आले आहे, काय उणे आहे, हे पाच मिनिटांत सरळ सांगतो, त्याच्या कामाचे मूल्यमापन गाव बहुधा न्यायाने करते. ज्या बाईंनी हजेरीपत्रक वाचले त्यांचे स्वतःचे हजेरीपत्रक स्वच्छ होते, हेही येथे सांगितले पाहिजे. नाहीतर ते त्यांस उघडता आले नसते.

याची दुसरी बाजू म्हणजे मर्यादा. जिल्हा सेवा वर्तणूक नियम, १९६७ आपणांस लागू आहेत. कोणत्याही राजकीय पक्षाच्या वा निवडणुकीतील गटाच्या बाजूने बोलणे आपणांस वर्ज्य आहे. मग बोलावे काय? शाळेविषयीची वस्तुस्थिती बोलावी आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. कोणते काम आधी घ्यावे, हे गावाने ठरवावयाचे. आपले नाव त्या गावाच्या मतदारयादीत असेल तर गोष्ट निराळी. तेथे आपण सभासदच आहोत. परंतु तेव्हाही शिक्षकाच्या शब्दास जे वजन असते ते जपून वापरावे.

शाळेच्या बाबतीत एक कायदेशीर दुवा तयारच आहे आणि त्याचा उपयोग फारच थोडे मुख्याध्यापक करतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात व समितीने शाळा विकास आराखडा करावयाचा असतो. दुसरीकडे ग्रामपंचायत ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली आपला विकास आराखडा करते. हे दोन आराखडे एकाच गावात, बहुधा एकाच महिन्यांत तयार होतात आणि एकमेकांचे तोंड पाहत नाहीत! शाळेचा आराखडा कपाटात राहतो व पंचायतीच्या आराखड्यात शाळेसाठी ‘रंगरंगोटी’ एवढा एक शब्द येतो. रंगरंगोटीस विरोध नाही; पण मुलींच्या स्वच्छतागृहास पाणी नसताना भिंतीवर पाण्याचे महत्त्व रंगविणे बरे दिसत नाही.

सबब पुढील क्रम सुचवावासा वाटतो. समितीने आराखडा करताना तो पालकांच्या सभेत, लहान गट पाडून, त्यांच्याच तोंडून काढावा. मोलमजुरी करणाऱ्या पालकांसाठी ही सभा संध्याकाळी दिवेलागणीनंतर घ्यावी. वाडीवस्ती असल्यास एक सभा तेथेच जाऊन घ्यावी. मुलांचेही ऐकावे. बालसभेत मुले ज्या गोष्टी सांगतात त्या मोठ्यांच्या ध्यानीमनीही नसतात. कुत्र्याची भीती असलेली गल्ली, टाकीची उंच तोटी, अंधारी खोली या गोष्टी मुलांखेरीज कोण सांगणार? मग त्यातील तीन, फार तर चार गरजा निवडून, प्रत्येकीपुढे आधाराची नोंद लिहावी. ‘पाणी हवे’ असे न लिहिता पाणी किती दिवस येत नाही हे लिहावे. हे पत्र समितीच्या अध्यक्षांच्या सहीने पंचायतीकडे द्यावे, ते ग्रामसभेची विषयपत्रिका निघण्यापूर्वी. सभेच्या दिवशी दिलेला कागद ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात जातो आणि तेथेच राहतो. सभेत ते शक्यतो अध्यक्षांनी किंवा एखाद्या मातेने वाचावे. तिला वाचण्यास अडचण असेल तर आधी दोन दिवस तिच्याबरोबर बसावे.

सभा संपल्यावर एक काम उरते आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच राहून जाते. ठराव तोंडी झाला म्हणजे झाला, असे नाही. तो कार्यवृत्तात काय शब्दांत लिहिला गेला, यावर पुढचे सारे अवलंबून असते. ‘शाळेच्या अडचणींवर चर्चा झाली’ या वाक्यावर कोणताही अभियंता अंदाजपत्रक करीत नाही. कोणते काम, कोठे, कोणत्या निधीतून आणि कोणत्या वर्षी, एवढे ठरावात असावे. ज्यांस गाव अजून ग्रामसेवकच म्हणते त्या सचिवांकडे आठ-दहा दिवसांत ठरावाची नक्कल मागावी. तिची एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी, एक समितीच्या अध्यक्षांस द्यावी आणि एक केंद्रप्रमुखांमार्फत आमच्या कार्यालयाकडे पाठवावी. पुढील ग्रामसभेच्या आरंभी मागील सभेचे कार्यवृत्त वाचले जाते, तेव्हा ती प्रत हाती असू द्यावी.